निळ्या वाटेवर तुम्हीही या, पण ब्रेक एका बोटाने

पत्र असं आहे :

"ताई, आम्ही रेडिंगला राहतो. या रविवारी ब्रॅकनेलच्या स्विन्ली फॉरेस्टमध्ये सायकलिंगला जायचं ठरतंय. नवरा दर शनिवारी रस्त्यावर साठेक किलोमीटर सायकल चालवतो. तो म्हणतो, 'निळा ट्रेल लहान मुलांचा असतो, आपण सगळे लालच करू.' लेक नऊ वर्षांची आहे. शाळेत सायकलनेच जाते आणि तिला कशाचीच भीती नाही, म्हणून मला जास्त भीती वाटते. मी साताऱ्याला बाबांच्या मोठ्या सायकलवर नळीखालून पाय घालून शिकले, पुढे कॉलेज संपेपर्यंत सायकलनेच फिरले. त्याला आता वीस वर्षं झाली. सासूबाई पुण्याहून आल्या आहेत, त्याही 'मी येणार' म्हणताहेत. मी नेहमीसारखी जॅकेटं आणि डबे सांभाळत कॅफेत बसू, की मलाही जमेल? आणि जमणार असेल तर लाल की निळा? आमच्याकडे माउंटन बाइक एकही नाही. — एक वाचक, रेडिंग"

जमेल. डबे गाडीत राहू देत, जॅकेटं ज्याची त्याने अंगात घालावीत, आणि तुम्ही निळ्यावर या. लेकही निळ्यावर. नवरोबांच्या लालचं काय करायचं ते पुढे सांगते, त्यावर माझ्याकडे तोडगा आहे.

आधी रंगांचा घोळ मिटवू, कारण तुमच्या घरातला वाद तिथूनच सुरू झालाय. ब्रिटनमधल्या ट्रेल सेंटरवर, म्हणजे जिथे जंगलात सायकलसाठी वाटा (ट्रेल) आखून दिलेल्या असतात तिथे, हिरवा म्हणजे सोपा, निळा म्हणजे मध्यम, लाल म्हणजे अवघड आणि काळा म्हणजे फारच अवघड. निळा लहान मुलांचा असतो हे कुठे लिहिलेलं नाही. कॅलिफोर्नियातला कुणी भाऊ किंवा दीर फोनवर सल्ला द्यायला लागला तर त्याला सांगा की तिकडे लाल रंगच नाही. हिरवं वर्तुळ, निळा चौकोन, मग थेट काळा डायमंड, हा त्यांचा हिशेब स्कीइंगच्या उतारांवरून आलेला. तिकडचा निळा आणि इकडचा निळा एकच धरून चालू नका. आणि पाटीवरचा रंग त्या वाटेचा असतो, चालवणाऱ्याचा नसतो. साठ किलोमीटरचा दम मांड्यांत आणि छातीत असतो. खडीच्या वळणावर पुढचं चाक घसरायला लागलं की तो दम काही करू शकत नाही.

स्विन्लीत हिरवा, निळा आणि लाल असे तीन ट्रेल आहेत, काळा नाही. हे जंगल क्राउन इस्टेटचं, म्हणजे ब्रिटिश राजगादीच्या नावावरच्या मालमत्तेतलं, आणि आत्ताचे हे रंगांचे ट्रेल 2013 साली सुरू झाले. हिरवा छोटासा आहे. निळा सुमारे 10 किलोमीटर आणि लाल सुमारे 13. पण घरी नकाशा बघताना हमखास नजरेतून सुटते ती गोष्ट अशी की लाल ट्रेल पार्किंगपासून सुरू होत नाही. निम्म्या निळ्यावरून जंगलात आत जायचं, तिथून लाल पकडायचा, आणि तो संपला की उरलेल्या निळ्यावरून परत यायचं. म्हणजे 'लाल करून येऊ' म्हणणाऱ्याला वीस किलोमीटरच्या वर सायकल मारायची असते, आणि शेवटचे काही किलोमीटर मनगटं आणि पंजे भरून आलेले असताना. पडापडी बहुतेक या शेवटच्या टप्प्यातच होते. मी स्वतः एकदाच नीट आपटले, ते निळ्यावरच, परतीच्या वाटेवर, समोर गाडी दिसेल आता, असं मनात आलं त्या क्षणी. अंगठा तीन आठवडे सुजला होता. पोळ्या लाटता येत नव्हत्या, ही त्यातली जमेची बाजू.

तर नवरोबा. त्यांना सांगा, तुमचं लाल तुम्ही सकाळी एकटे उरका. नऊला पोचा, ते पुढे जाऊ देत, तुम्ही तिघी मागून सावकाश तयार व्हा. किंवा आधी सगळ्यांनी निळा करा, जेवा, आणि मग पायात ताकद उरली असेल तर त्यांनी जावं. मला पहिला पर्याय बरा वाटतो. एकटा माणूस लालवर दोन-तीनदा दचकला की परत येऊन निळ्याबद्दल भलताच समजूतदार होतो. लेकीला मात्र त्यांच्याबरोबर लालवर पाठवू नका. तिची हिंमत कमी पडेल असं नाही. बापाच्या मागे राहायचं म्हणून ती थांबणार नाही, आणि बाप मागे वळून बघत राहिला तर तोच झाडात जाईल.

सायकली तिथेच भाड्याने मिळतात. रविवारी गर्दी असते, त्यामुळे आधी बुकिंग करा आणि तिघांची उंची कळवून ठेवा. हेल्मेटही मागून घ्या. ट्रेलवर जायला तिकीट नाही, खर्च होतो तो पार्किंगचा आणि सायकलींचा. नवरोबांची रस्त्यावरची सायकल घरीच राहू द्या आणि त्यांचे ते पायडलला अडकणारे बूटही. भाड्याच्या सायकलला साधे रुंद पायडल असतात, त्यावर सपाट तळव्याचे, लेस आत खोचलेले बूट उत्तम. आणखी एक. रस्त्यावरच्या सायकलवाल्यांना टायर अंगठ्याने दाबून बघायची खोड असते. त्यांच्या टायरमध्ये 80–90 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा असते, इथे 25–30 च्या आसपास. हवा कमी असते म्हणूनच रुंद टायर खडीला आणि मुळांना चिकटून जातो. आमच्या घरच्या गृहस्थांनी पहिल्या खेपेला 'हवा फारच कमी आहे' म्हणत माझ्या टायरमध्ये दणकून हवा भरली होती, आणि मी दहा किलोमीटर परातीत लाह्या उडाव्यात तशी उडत आले. पंप त्यांच्या हाती देऊ नका.

आता ब्रेक. पत्रातलं 'बाबांची मोठी सायकल' वाचलं आणि ठरवलं की या उत्तरात बाकी काही राहिलं तरी चालेल, हे राहता कामा नये. त्या सायकलला लोखंडी सळ्यांचे ब्रेक असायचे. पूर्ण पंजाने, दात-ओठ खाऊन दाबले तरी ती दोन विजेचे खांब सोडून थांबायची. तुमच्या हाताला तीच सवय आहे. वीस वर्षं झाली तरी हात विसरत नाहीत, घाबरल्यावर तर मुळीच नाही. भाड्याच्या माउंटन बाइकला हायड्रॉलिक डिस्क ब्रेक असतात, ते एका बोटाने लागतात. त्यावर तुम्ही साताऱ्याच्या हिशेबाने पंजा आवळलात तर सायकल जागच्या जागी थांबेल आणि तुम्ही हँडलवरून पुढे जाल.

म्हणून सायकल ताब्यात आली की आधी पार्किंगच्या कडेला, सपाट जागी, दहा मिनिटं एवढंच करा. फक्त तर्जनी लिव्हरवर, बाकीची बोटं हँडलला गुंडाळलेली. चालण्याच्या वेगाने या आणि फक्त उजवा ब्रेक हळूच दाबा. इथे उजवा म्हणजे पुढचा, आपल्याकडच्या मोटरसायकलसारखाच. सायकलचं नाक खाली दबतं, ते अंगाला कळू द्या. मग फक्त डावा दाबा. मागचं चाक खरवडत घसरेल, त्याचीही ओळख होऊ द्या. मग दोन्ही एकदम, आणि दाबताना कंबर किंचित मागे, टाचा खाली. आठ-दहा वेळा झालं की हात नवीन हिशेब शिकतो. लेकीकडूनही करून घ्या. तिच्या बाबतीत आणखी एक गोष्ट बघा. तिची तर्जनी लिव्हरपर्यंत आरामात पोचते का? लहान हातांना ते लिव्हर लांब पडतं, मग मूल बोटं ताणून ताणून दमतं आणि नेमक्या उतारावर ब्रेक दाबू शकत नाही. लिव्हर हँडलच्या जवळ आणायला एक छोटा स्क्रू असतो. दुकानातल्या माणसाला सांगितलं तर अर्ध्या मिनिटात होतं, पण सांगावं लागतं.

यानंतर एक फेरी हिरव्यावर मारा. तिथे एकच सराव करायचा : सीटवरून उठून चालवणं. रस्त्यावर आपण सीटवर बसून पायडल मारतो. उतारावर आणि खडबडीत जागी बसलात तर प्रत्येक धक्का सीटमधून थेट पाठीच्या मणक्यात जातो. उठायचं, दोन्ही पायडल एका पातळीत ठेवायचे, एक पुढे एक मागे, गुडघे आणि कोपर सैल. एक पायडल खाली लोंबत ठेवलात तर तो दगडाला किंवा मुळाला आपटतो. सीट थोडी खाली घ्या. हँडलवर बटण किंवा खटका असेल तर चालता चालताही सीट खाली-वर करता येते.

निळ्यावर दोन गोष्टी नव्या दिसतील. एक म्हणजे ओळीने उंचवटे. शेतातले वरंबे डोळ्यांपुढे आणा, तसेच, फक्त गोल माथ्याचे. त्यावर पायडल मारू नका, नुसते गुडघ्यांनी वर-खाली व्हा. दुसरी म्हणजे बाहेरची कड भिंतीसारखी उचललेली वळणं, त्यांना बर्म म्हणतात. नवखा माणूस भिंतीला घाबरून आतल्या बाजूने जातो, आणि तिथे सुटी बारीक खडी साचलेली असते. भिंतीवर थोडं चढा, तीच सायकलला वळवते. वेग कमी करायचा तो वळणाच्या आधी; वळणात शिरल्यावर ब्रेक जमेल तेवढा सोडून द्या. नजर वळण जिथे संपतं तिथे. पुढच्या चाकाकडे बघू नका, आणि 'या झाडावर जाऊ नये' म्हणून त्या झाडाकडे तर अजिबात नको. सायकल नजर जाते तिकडे जाते. हे ऐकायला भोंदूगिरी वाटतं, मलाही वाटलं होतं. अंगठा सुजला त्या दिवशी मी तीन सेकंद एका देवदारसारख्या झाडाच्या बुंध्याकडे टक लावून बघत होते. (तो देवदार नव्हता, स्कॉट्स पाइन होता. इतक्या जवळून बघितल्यावर ओळख पटली.)

जी जागा नको वाटेल तिथे उतरा आणि सायकल ढकलत न्या. हे मी नवख्यांसाठी म्हणून सांगत नाहीये. चांगले चालवणारेही अनोळखी उताराच्या टोकाशी थांबतात, चालत खाली जाऊन बघून येतात, आणि कधी कधी 'आज नको' म्हणतात. फक्त उतरण्याचा निर्णय लवकर घ्या. निम्म्या उतारावर विचार बदलला तर पाय टेकवायला जागा मिळत नाही. उतरलात की ट्रेलच्या बाहेर गवतात उभ्या राहा, उंचवट्याच्या पलीकडे तर मुळीच थांबू नका, कारण मागून हवेतून येणाऱ्याला तुम्ही दिसत नाही. सगळी वाहतूक एकाच दिशेने असते. मागून कुणाचा आवाज आला तर दचकून थांबायचं नाही, सरळ आपल्या लयीत जात राहायचं आणि रुंद जागा आली की बाजू द्यायची. मागच्याला थांबणं सोपं असतं, तुमचा अंदाज बांधणं अवघड. कानात गाणी नकोत, एका कानातही.

ट्रेलचे तुकडे आहेत. एक तुकडा संपला की मध्ये जंगलातला रुंद सपाट रस्ता आडवा येतो, पलीकडे पुढचा तुकडा. ही योजना कुटुंबांसाठी सोन्यासारखी आहे. एकमेकांच्या चाकाला चाक लावून जाऊ नका. प्रत्येकाने आपापल्या वेगाने तुकडा संपवायचा आणि रुंद रस्त्यावर वाट बघायची. लेक पुढे, तुम्ही मागे, मधे भरपूर अंतर. तिथे पाणी प्या, चिक्कीचा तुकडा तोंडात टाका, आणि लेकीला विचारा, 'हात दुखताहेत का?' 'दमलीस का?' असं विचारलं तर उत्तर 'नाही' येणार हे ठरलेलं. हातांबद्दल मुलं खरं बोलतात. दुखत असतील तर त्या रुंद रस्त्यानेच पार्किंगकडे वळा. निळा पूर्ण केलाच पाहिजे असं कुणी सांगितलेलं नाही. पूर्ण करायचा तर पहिल्या खेपेला तुम्हाला दीड-दोन तास धरा.

वाटेत खांबांवर आकडे दिसतील. प्रत्येक खांबाशी तो आकडा मोठ्याने म्हणायचा खेळ लेकीला लावून द्या. कुणाला लागलं आणि 999 ला फोन करायची वेळ आली तर 'पाइनच्या झाडांजवळ आहोत' या माहितीचा स्विन्लीत काडीचा उपयोग नाही, खांबाचा आकडा सांगता आला पाहिजे.

पंक्चरचं विचाराल. पॅरिस ऑलिंपिकमध्ये 2024 साली ब्रिटनच्या टॉम पिडकॉकचं पुढचं चाक शर्यतीच्या मध्येच पंक्चर झालं, चाळीसेक सेकंद गेली, आणि तरी त्याने सुवर्ण जिंकलं. पण त्याला चाक बदलून द्यायला ठरलेल्या जागी मेकॅनिक होता. तुम्हाला चाळीस मिनिटं लागतील आणि लेक कंटाळेल. दुकानातून निघताना विचारून घ्या, मध्येच पंक्चर झालं तर काय करायचं. बहुतेक वेळा चालत परत यावं लागतं, आणि तुकड्यांमधल्या त्या रुंद रस्त्यांमुळे ते फार लांब नसतं.

सासूबाईंना मात्र 'तुम्ही बसा हं' म्हणून कॅफेत सोडून जाऊ नका. ट्रेल सुरू होतात त्या 'द लुक आउट'मध्ये हाताने करून बघायच्या प्रयोगांचं विज्ञान केंद्र आहे, पावसाची सर आली तर ते हाताशी आहे. ऊन असेल तर तिथून चालत जाण्याजोग्या अंतरावर सीझर्स कॅम्प आहे. नावात सीझर असला तरी त्याचा काही संबंध नाही, त्याच्याही आधीच्या लोहयुगातला तो किल्ला, वरून ओकच्या पानाच्या आकाराचा. आपल्या सिंहगड चढलेल्या पुणेकर सासूबाई तिथे पोचून 'हा? हा किल्ला?' असं म्हणणार, कारण बुरूज नाही, दरवाजा नाही, तोफ नाही, पिठलं-भाकरी तर नाहीच, नुसते मातीचे बांध आणि चर. त्यांना तसं म्हणू द्या. मग सांगा की याच्या दक्षिणेकडून लंडनहून सिल्चेस्टरला जाणारा रोमन रस्ता जायचा, त्याला इथली माणसं डेव्हिल्स हायवे म्हणतात. नवरोबा लाल उरकून आले की त्यांनीच आईला तिकडे न्यावं, तेवढ्यात तुमचा आणि लेकीचा निळा होतो. चालताना सायकलच्या ट्रेलवरून नाही, रुंद वाटेने, एवढं त्यांना बजावा.

कपड्यांचं फार मनावर घेऊ नका. सुती ट्रॅकपँट भिजली की जड होते आणि तिचा उजवा पायचा चेनमध्ये जातो, तेवढं टाळा. हातमोजे घ्या, साधे चालतील. पडताना माणूस आधी तळहात टेकवतो. पाणी पाठीवरच्या पिशवीत. पोळीचे रोल गाडीत राहू देत, परत आल्यावर लागतातच.

आणि रविवारी रात्री, आंघोळीच्या वेळी, सगळ्यांच्या गुडघ्यामागे, कमरेशी आणि लेकीच्या कानामागे केसांत नीट बघा. तिथे झुडपं आहेत आणि हरणंही आहेत, त्यामुळे गोचिडी असतात, खसखशीच्या दाण्याएवढ्या. सापडली तर तेल, तंबाखू, काडी असले घरगुती उपाय नकोत. बारीक चिमट्याने कातडीला अगदी लागून पकडायची आणि सरळ वर ओढायची. पुढच्या काही आठवड्यांत तिथे पसरत जाणारा लाल डाग दिसला किंवा ताप आला, तर जीपीला, म्हणजे तुमच्या नेहमीच्या डॉक्टरला, गोचीड चावल्याचं सांगून वेळ घ्या. सासूबाईंचंही बघा. त्या किल्ल्याच्या गवतात बसणार आहेत.